कराटेवाले ग्वाल्हेरच्या मातीत

साताऱ्यात दर दोन गल्ल्यांआड एक तालीम आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझी अक्कल किती, हे वाचकांच्या ध्यानात राहील. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर जवळजवळ अख्खा मध्य प्रदेश ओलांडून वळसा घातला आणि कुस्तीची चार अक्षरं गिरवायला ग्वाल्हेरला गेलो.

कारण सरळ आहे. मी सत्तावीस वर्षं कराटे शिकवतो, आणि या सत्तावीस वर्षांत पैलवानांविषयी जे जे बोललो ते गावात सगळ्यांना पाठ आहे. मान जाड, बुद्धी बारीक. मातीत लोळणारी जमात. असली वाक्यं मी क्लासच्या वार्षिक समारंभात, पालकांच्या टाळ्या घेत बोललेलो आहे. असा मी तालमीच्या दारात लंगोट घेऊन उभा राहिलो असतो तर संध्याकाळपर्यंत ती बातमी प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचली असती. ग्वाल्हेरला मला ओळखणारं कोणी नव्हतं. लोकांना सांगितलं, किल्ला बघायला चाललोय.

खरा प्रश्न मुक्ताचा होता. मुक्ता माझी मुलगी, वय बावीस, आणि माझ्या क्लासमधली सगळ्यात चांगली लाथ तिची. दिवाळीनंतर पुण्यात ती पहिल्यांदाच अशा स्पर्धेत उतरली, जिथे मारणंही चालतं आणि पकडून पाडणंही चालतं. समोरची मुलगी तिच्या खांद्याला लागत होती. मुक्ताने दोन लाथा सुरेख मारल्या. तिसरीच्या आधी त्या मुलीने वाकून तिच्या कमरेला मिठी घातली, आणि माझी पंधरा वर्षं घडवलेली पोर हात खाली सोडून जागच्या जागी उभी राहिली. पुढच्या अर्ध्या मिनिटात ती पाठीवर होती, मग तिचा गळा त्या मुलीच्या हातात होता, मग पंच मध्ये पडले. परत आल्यावर क्लासमध्ये सगळ्यांसमोर मी तिला म्हणालो, ‘‘तू घाबरलीस.’’

तेव्हापासून तिच्या लाथा आखूड व्हायला लागल्या. आईला म्हणाली, ‘‘मार्चमध्ये एकदा उतरते. पुन्हा असंच झालं तर सोडणार. घाबरट राहून मला हे करायचं नाही.’’ तेव्हा कुठे माझ्या जाड कातडीला काहीतरी टोचलं. बायकोची मावशी ग्वाल्हेरला असते. तिच्या ओळखीत एक मराठा उस्ताद होते. जानेवारीत आम्ही बापलेक निघालो.

थाटीपूर

ग्वाल्हेरची थंडी ही साताऱ्याच्या माणसाची फजिती करण्यासाठीच बनवलेली असावी. धुक्यात पुढचा टेम्पो दिसत नाही, फक्त त्याचा भोंगा ऐकू येतो, आणि तो भोंगा वाजवायचं थांबत नाही. आमच्या टेम्पोत दहा माणसांच्या जागेत आम्ही चौदा जण बसलो होतो. चालक मात्र ‘‘अभी दो और आएँगे’’ असं म्हणत होता, जणू घरच्या पंगतीला बोलावतोय.

सुलूमावशी थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलाकडे राहते. तिचे सासरचे पूर्वज दरबारात कारकून होते, हे तिने दारातच सांगितलं. चप्पल काढायच्या आधी.

‘‘या, या, आत या. ठंडी किती पडली आहे बघा. आधी नहाऊन घ्या, मग नाश्ता लावते. बिलकुल संकोच नका करू.’’

नाश्त्याला बेडई होती. म्हणजे उडदाच्या डाळीचं सारण भरलेली टम्म पुरी आणि वर जाळ काढणारी बटाट्याची भाजी. मी आपलं बोलून गेलो की आमच्याकडे सकाळी पोहे असतात. मावशीने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

‘‘पोहे तर इथे पण मिळतात, पण त्याने पोट कुठे भरतं? तुम्ही तिकडचे लोक चिमणीसारखं खाता आणि मग ताकदीच्या गोष्टी करता.’’

मी चिमणीसारख्या सहा बेडई खाल्ल्या. घरात मराठी चालते, पण अर्ध्या वाक्यात हिंदीचं फाटक उघडतं आणि नातवंडं तिकडून पसार होतात. मावशी त्यांना ओरडते, तीही हिंदीत. मी मनात या सगळ्याला नाकं मुरडली. माझ्या क्लासमध्ये आम्ही साताऱ्याच्या पोरांना जपानी भाषेत हुकूम सोडतो, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

टोपी बाजार

उस्तादांचं टोपी बाजारात सुतळी आणि दोरखंडांचं ठोक दुकान आहे. गल्ली एवढी अरुंद की एक हातगाडी आली की माणसांनी भिंतीवर चढावं. दत्ताजी उस्ताद चौसष्ट वर्षांचे, बुटके, कान मुरगळून पावभाजीतल्या पावासारखे फुगलेले. हा माणूस माझ्या मुलीला काय शिकवणार, असं मला वाटलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलंही असणार.

‘‘सातारा?’’ ते म्हणाले. ‘‘अहो, तिकडच्या तालमी बंद पडल्या की काय?’’

‘‘तसं नाही,’’ मी म्हणालो. ‘‘पण ग्वाल्हेरचं नाव ऐकलं होतं...’’

‘‘नाव किल्ल्याचं आहे. कुस्तीचं इथे कोण घेतं?’’

मुक्ता म्हणाली, ‘‘उस्ताद, बाबांनी साताऱ्यात पैलवानांना इतकी नावं ठेवलीत की आता तिथे जायची लाज वाटते.’’

उस्ताद सुतळीच्या गठ्ठ्यावर हात ठेवून हसले. ‘‘मग ठीक आहे. लाज वाटते म्हणजे आदमी शिकेल. आमचे पूर्वज पण दक्षिणेतून घोड्यावर आले, मग इथेच राहून गेले. मराठी पण राहून गेली, थोडी जंग लागली बस. उद्या सकाळी सातला या. दोघांनी नखं कापून या.’’

एवढंच. मी खिशातून कागद काढला होता. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली यादी होती ती, मारामारी करणाऱ्यांना लागणारी पकडीची दहा कौशल्यं, अनुक्रमांकासह. उस्तादांनी ती वाचली, घडी घातली आणि मला परत दिली.

नया बाज़ारमागची माती

नया बाज़ारच्या मागच्या गल्लीत उस्तादांचं घर, आणि घरामागे त्यांचा कुस्तीचा हौद. जुन्या आखाड्यात बाईमाणूस मातीत उतरलेलं चालत नाही. नात राणू कुस्ती शिकायला लागली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. उस्तादांनी वाद घातला नाही, घरामागे नवा हौद खणला. राणू अठरा वर्षांची, कॉलेजात जाते. खांदे असे की दारातून येताना जरा तिरकी व्हावी.

कोपऱ्यात मारुती, तिथे नमस्कार. इथवर सगळं साताऱ्यासारखंच. माती मात्र आमच्याकडे तांबडी असते, इथे करडी, आणि तिला मोहरीच्या तेलाचा वास. मला वाटलं आता डाव सुरू होतील. उस्तादांनी माझ्या हातात फावडं दिलं.

तासभर आम्ही माती खणली. मी सातव्या पायरीचा ब्लॅकबेल्ट, आणि जानेवारीच्या धुक्यात परक्या गावात फावडं मारतोय. दहाव्या मिनिटाला कंबर बोलायला लागली. राणू शेजारी गाणं गुणगुणत खणत होती. ‘‘अंकल, कमरेने नका खणू, पायाने खणा,’’ ती म्हणाली. पुढे चार दिवस याच एका वाक्याचा अर्थ मला शिकवला गेला.

मग पडायला शिकवलं. आम्हाला पडता येतं, मी म्हणालो, आणि गोल कोलांटी घेऊन, हात आपटून, टुणकन उभा राहून दाखवलं. आमच्या क्लासमध्ये यावर टाळ्या पडतात.

‘‘हे तर पडण्याची जाहिरात आहे,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘तुम्ही एकटे पडलात. कुस्तीत तुमच्यावर दुसरा पडतो.’’

त्यांनी राणूला माझ्यावर पाडलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. हनुवटी छातीला लावायची, हात मागे टेकवायचा नाही, आणि पाठ जमिनीला लागायच्या आत एका कुशीवर वळायचं, हे मला तेव्हा नीट कळलं. हात मागे टेकवला की मनगट जातं. गेलं नाही, पण दोन दिवस मला चमचा धरता आला नाही.

मुक्ताचं उभं राहणं पाहून तर त्यांनी कपाळाला हात लावला. आमचं उभं राहणं उंच असतं, पुढचा पाय लाथेसाठी हलका ठेवतो. ‘‘पाय तर बिटियाने आधीच देऊन ठेवलाय. घ्यायचाच बाकी आहे,’’ ते म्हणाले. तिला त्यांनी तीन गोष्टी पुन्हा पुन्हा करायला लावल्या. कोणी पायावर झेपावलं की दोन्ही पाय मागे फेकायचे आणि कमरेचं सगळं ओझं त्याच्या मानेवर टाकायचं. कोणी मिठीत शिरलं की आपले हात त्याच्या काखेतून वर घालायचे आणि आपलं डोकं त्याच्या डोक्याखाली शिरवायचं, कारण डोकं जाईल तिकडे माणूस जातो. आणि खाली गेलंच तर पाठ न देता, एका हातावर आणि एका पायावर उठायचं, मारणाऱ्याने पहिल्यांदा हेच शिकायचं.

‘‘खाली राहून जिंकायची गरज नाही तुला,’’ ते मुक्ताला म्हणाले. ‘‘तू मारणारी आहेस. तुला बस उठता आलं पाहिजे.’’

माझ्या दहा कौशल्यांतली सहा यात आलीच नव्हती. त्या सहांची मला आता आठवणही नाही. कोणा मोकळ्या माणसाने बसल्या जागी ती लिहिली असणार.

मुक्ता शिकत होती, आणि भराभर शिकत होती. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी तिला आणि राणूला समोरासमोर उभं केलं. मुक्ताने हलक्या हाताने मारायचं, राणूने पकडायचं. मुक्ताने राणूच्या मांडीवर एक लाथ ठेवली, मग दुसरी. राणू आत शिरली, कमरेला मिठी घातली. आणि मुक्ता थांबली. हात खाली, नजर बाजूला. राणूने तिला अलगद मातीत ठेवलं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

‘‘ताई, तुम्ही रुकता का?’’ राणूने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. ‘‘आत्ता सगळं बरोबर करत होता, मी पकडलं की एकदम ढीली पडून जाता. लड़ो न!’’

मी काठावरून ओरडलो, ‘‘घाबरू नको, मुक्ता!’’

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मातीने भरलेल्या चेहऱ्यावर फक्त डोळे दिसत होते. मला ते बघवले नाहीत म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडलो.

उस्ताद म्हणाले, ‘‘मास्टर साहेब, जरा तुम्ही या.’’

मी हौदात उतरलो. ते माझ्यासमोर उभे राहिले, चौसष्ट वर्षांचा सुतळीवाला. मी एक ठोसा पुढे केला. ते त्याच्या खालून आले आणि माझ्या कमरेला हात घातले, अगदी हलके, म्हातारी माणसं नातवाला जवळ घेतात तसे. आणि मी थांबलो.

ते मागे सरले. पुन्हा एकदा. या वेळी मी ठरवलं होतं की थांबायचं नाही. त्यांचे हात कमरेला लागले आणि माझे हात आपोआप खाली गेले, मान डावीकडे वळली.

तिसऱ्या वेळी त्यांनी मला तसंच धरून ठेवलं. पाडलं नाही.

‘‘कोणाला शोधता?’’ त्यांनी विचारलं. ‘‘तिकडे कोणी नाही.’’

डावीकडे पाण्याची टाकी होती. आमच्या स्पर्धांमध्ये तिथे पंच उभा असतो. कराटेत कोणी कोणाला धरलं की पंच ‘यामे’ म्हणतो. यामे म्हणजे जपानीत थांबा. धरलं की यामे, यामे म्हटलं की हात खाली, पंचाकडे बघा, आपापल्या रेषेवर परत जा. जो थांबत नाही त्याला दंड. मी सत्तावीस वर्षं हे शिकवलंय, आणि त्यातली बरीचशी वर्षं तो पंचही मीच होतो. दहा वर्षांच्या मुक्ताने एकदा एका मुलाला धरलं ते सोडेचना, तेव्हा मी तिला पन्नास जोर काढायला लावले होते. ती रडत रडत काढत होती आणि मी मोजत होतो.

पुण्यात तिला भीती वाटली नव्हती. ती माझी शिस्त पाळत होती. क्लासमध्ये ती जितकी चोख पाळायची तितकी दुसरं कोणीच पाळत नव्हतं, म्हणून तीच सगळ्यात वाईट हरली. आणि मी चाळीस जणांसमोर तिला घाबरट ठरवून मोकळा झालो होतो.

हे सगळं मला तिथे, त्या मातीत उभं असतानाच कळलं. मी काय केलं? कंबर धरल्याचं निमित्त सांगून घरी गेलो.

किल्ला

दुसऱ्या दिवशी आम्ही खरंच किल्ला बघायला गेलो. लोकांना सांगितलेलं खोटं निदान अर्धं तरी खरं करावं म्हणून. चढ चांगलाच दमवतो, वर निळ्या फरशांची बदकं आहेत, हत्ती आहेत, आणि त्यांच्यासमोर हात पसरून फोटो काढणारी नवी लग्नं झालेली जोडपी आहेत. त्या फरशांकडे बघून एका गाइडने आम्हाला जे सांगितलं त्यातलं निम्मं त्याने चढता चढता रचलं होतं. आणि तो ते इतक्या भावनेने सांगत होता की मी सोडून सगळे ओलावले.

तटावरून खाली सगळं लष्कर, म्हणजे मराठ्यांच्या छावणीचं झालेलं शहर, दिसतं, गच्च्यांवर वाळत घातलेल्या रजयांसकट. मुक्ता तटाला टेकून म्हणाली, ‘‘बाबा, मार्चचं नाव काढून टाकू या.’’

‘‘का?’’

‘‘राणू अठराची आहे. ती थांबत नाही. माझ्यात ते नाहीच आहे. तुम्ही बरोबर बोलला होतात.’’

बोलायची याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. आजूबाजूला कोणी ओळखीचं नव्हतं, वारा होता, मुलगी स्वतःच्या तोंडाने माझी चूक स्वतःच्या माथी घेत होती. मी घसा खाकरला आणि तिला तटबंदीच्या दगडाची जाडी सांगायला लागलो. तेही त्याच गाइडकडून ऐकलेलं. दुसऱ्यांना घाबरट म्हणणारा माणूस कसा दिसतो ते पाहायचं असेल तर त्या दिवशी तटावर यायला हवं होतं.

ती ऐकून घेत राहिली. मला वाटतं, बापाची बडबड पोरं इतकी वर्षं ऐकून घेतात याचंच नवल करावं. खाली उतरल्यावर आम्ही कचोरी खाल्ली. तिने अर्धी टाकली. मुक्ता अन्न टाकत नाही.

शेवटची सकाळ

शेवटच्या सकाळी मी फावडं मारून झाल्यावर, उस्ताद आणि राणूसमोर, तिला सांगितलं. नीट जमलं नाही. ‘‘तू घाबरली नव्हतीस. मीच तुला थांबायला शिकवलं. परवा मी पण थांबलो, तीनदा थांबलो,’’ असं काहीतरी तुटक बोललो.

मला वाटलं ती रडेल, किंवा हसेल, किंवा मिठी मारेल. तिने फावडं मातीत रोवलं.

‘‘परवा कळलं होतं तुम्हाला?’’

‘‘हो.’’

‘‘आणि काल तटावर मी नाव काढायचं म्हणाले, तेव्हा तुम्ही दगड मोजत होतात?’’

राणूने जमिनीकडे पाहिलं. उस्ताद मारुतीसमोरची उदबत्ती सरळ करायला लागले, ती सरळच होती.

‘‘इथे सांगून काय उपयोग?’’ मुक्ता म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, आणि तो रागाने थरथरत होता. ‘‘इथे मला कोण घाबरट म्हणतं? जिथे म्हणालात तिथे सांगा. चाळीस जणांसमोर.’’

उस्ताद पाठमोरे म्हणाले, ‘‘बिटिया बरोबर बोलते.’’

निघताना मावशीने गजकचे, म्हणजे तीळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचे, चार डबे बांधून दिले आणि पुढच्या वेळी महिनाभर या म्हणून सांगितलं. उस्ताद स्टेशनवर आले नाहीत, दुकानाची वेळ होती. राणू आली. तिने मुक्ताला धरून उचललं, फलाटावर सगळ्यांदेखत, आणि मुक्ताने तिच्या काखेतून हात घालून स्वतःला सोडवलं. दोघी खूप हसल्या. माझ्याशी मुक्ता पुण्यापर्यंत बोलली नाही.

सातारा

सोमवारी संध्याकाळी क्लास भरला. मुलं ओळीत, पालक मागे खुर्च्यांवर. समोर उभा राहून मी एवढंच बोललो की पुण्याच्या लढतीत मुक्ता घाबरली नव्हती. धरल्यावर थांबायचं हे तिला मी शिकवलं होतं, ते तिच्यासाठी चुकीचं होतं, आणि तिला घाबरट म्हणालो ते त्याहून चुकीचं होतं. मागच्या एका पालकाने विचारलं, सर, मग तुम्हाला हे कुठे कळलं? म्हटलं, ग्वाल्हेरला, एका पैलवानाकडे. एक दोन जण हसले. हसणारच. त्यांना हसायला मीच शिकवलं होतं.

मला वाटलं झालं आता. एवढ्यात मुक्ता ओळीतून पुढे आली, मॅटच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, धरा.’’

मुलांमध्ये कुजबुज झाली. मी पुढे झालो आणि तिच्या कमरेला हात घातले, चांगले घट्ट. तिचे पाय मागे गेले, डोकं माझ्या हनुवटीखाली शिरलं, एक हात माझ्या काखेतून वर आला. माझा तोल जायला लागला आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून ओरडून बाहेर पडलं, ‘‘यामे!’’

ती थांबली नाही. चाळीस जणांसमोर तिने मला पाठीवर टाकलं.